बँकांची चढाओढ आणि पेरणीचा पैसा

बँकांमध्यें चढाओढ असली म्हणजे त्यांचें काम वाढतें व व्याज उतरतें, असें एक मत आहे. बँका थोड्या पण भक्कम असाव्या, असें दुसरें. आमच्या वाचकांनीं ह्या वादाकडे शेताच्या बांधावरून पाहावें.

भक्कमपणाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. सन १९६० मध्यें केरळांतील पलई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हां ठेवीदारांत घबराट पसरली. त्यानंतर ता. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. मर्यादा अवघी दीड हजार रुपयांची! सन २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, आणि ठेवीदारांस प्रथम केवळ हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. पुढील वर्षीं विम्याची मर्यादा पांच लाख झाली. ठेव केव्हां उठेल ह्या धास्तींत असलेली बँक आपला पैसा सरकारी रोख्यांत घालते. पेरणीस देत नाहीं.

परंतु चढाओढ तरी कोठें होते? जेथें गिऱ्हाईक दाट, तेथें. सन १९७७ ते १९९० पर्यंत नियम असा होता कीं, जेथें बँक आहे अशा ठिकाणीं एक शाखा उघडावयाची तर बँक नसलेल्या चार ठिकाणीं शाखा उघडाव्या. तो गेल्यावर चढाओढ शहराकडे वळली, ह्यांत नवल तें काय? पुढें सरकारी बँकांचें एकत्रीकरण झालें. सन २०१७ मध्यें त्या सत्तावीस होत्या, त्या १ एप्रिल २०२० पासून बारा राहिल्या.

आमचा खरा आक्षेप मापाविषयीं आहे. दर नोकरामागें उलाढाल किती, ह्यावरून बँकेची कार्यक्षमता ठरवितात. गिरणीस एक कोटीचें एक कर्ज आणि शंभर कास्तकारांस लाख-लाखाचीं शंभर पीककर्जें, रक्कम एकच. पण शंभर सातबारे तपासणें, शंभर वसुल्या करणें हें काम शंभरपट. म्हणून ह्या मापानें गांवची शाखा नेहमींच आळशी दिसते, आणि बंद करण्याच्या यादींत पहिली येते.

मृगापूर्वीं किती अर्जदारांच्या हातीं पैसा पडला, हा हिशेब प्रत्येक शाखेनें दरसाल छापावा. तोंपर्यंत सोसायटीच्या सभासदांनीं वार्षिक सभेंत हाच प्रश्न विचारावा, व थकबाकीदारांची यादी मागण्यास संकोचूं नये.