कोयता निघण्याआधी तपासणी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात जातात. तिथे एका दिवसाचा खाडा म्हणजे दंड. त्यामुळे दुखणे अंगावर काढण्याची सवयच लागते.

या सवयीची किंमत २०१९ मध्ये आकड्यांत दिसली. राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली, तेव्हा जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना कॅन्सरची भीती घालण्यात आली होती.

ही भीती खरी की खोटी, हे तपासणीच सांगू शकते. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

तपासणी फक्त बायकांसाठी नाही. रक्तदाब १४०/९० च्या वर किंवा उपाशीपोटी साखर १२६ च्या वर गेली, तरी पन्नाशीच्या गड्याला बहुधा काहीच जाणवत नाही. जाणवते ते थेट पक्षाघाताने. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला पांढरा चट्टाही दुखत नाही. तीस वर्षांवरील सर्वांसाठी या तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत आहेत.

अडचण वेळेची आहे. शिबिर हिवाळ्यात भरले, तर गावात म्हातारी माणसे आणि लेकरेच भेटतात. म्हणून ऊसपट्ट्यातल्या गावांत तपासणी सप्टेंबरअखेर पूर्ण व्हायला हवी. ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांच्याबरोबर पुरेशा गोळ्या आणि नोंदीचे कार्ड द्यावे. ते कार्ड पाहून कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राने पुढची औषधे द्यावीत. पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या बाईने आधी सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

टोळी निघण्याची तारीख मुकादमाला महिने आधी ठाऊक असते. आरोग्य खात्यालाही ती ठाऊक असायला हवी.