हात काळे झाले तर झाले!

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय.

गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या गाडीतून चिपळूणहून कऱ्हाडला निघालो होतो. कुंभार्ली घाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ येऊ लागली. चिरंजीव (मेकॅनिकल इंजिनिअर, बरं का!) उतरले आणि नॅपकिन धरून थेट रेडिएटरचं झाकण फिरवायला लागले. मी ओरडलो म्हणून थांबला. अरे, प्रेशर उतरल्याशिवाय कुकर उघडतं का कुणी? इथेही पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं. झाकण सुटलं की उकळता फवारा तोंडावर!

मोबाइलला रेंज नाही, म्हणजे हेल्पलाइनही नाही. शेवटी एक टेम्पोवाला थांबला. त्यानं आधी इंजिन चांगलं निवू दिलं. वरची होज क्लिपपाशी चिरली होती. क्लिप सैल करून त्यानं चिरलेलं टोक कापलं, उरलेली नळी ताणून बसवली, क्लिप आवळली, पाणी भरलं. पैसे द्यायला गेलो तर घेईना. पुढे कऱ्हाडला नवी होज आणि कूलंट घालून घेतलं.

पुतण्या म्हणाला, "काका, हे आपलं काम नाही." मला राग आला तो या वाक्याचा. आपलं काम आणि त्यांचं काम, ही वाटणी केली कुणी?

खरं सांगू? माझ्यासारख्या मास्तरांनीच केली. "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात नट आवळत बसशील," असं मी वर्गात कितीदा तरी बोललोय. आज त्याची लाज वाटते. त्या दिवशी नट आवळणाराच आमच्या कामी आला, पदवी नाही.

प्रत्येकानं मेकॅनिक व्हावं असं मी म्हणत नाही. पण जी गाडी बायकापोरांना घालून आपण चालवतो, तिची एक रबरी नळी ओळखता येऊ नये? सकाळी इंजिन थंड असताना होज बोटांनी दाबून बघा. लिबलिबीत, फुगलेली किंवा कडक होऊन तडकलेली असेल तर बदला. बदलताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा, आणि पोरांनाही उभं करा.

हात काळे होतील. साबणानं निघतात. डोक्यातली ही वाटणी मात्र साबणानं जात नाही.

असो. तुमच्या गाडीचं बॉनेट तुम्ही शेवटचं कधी उघडलं होतंत?