हिलसाच्या तुटवड्याचा दोष एकट्या पावसावर का?

आषाढ-श्रावण आला की बंगालमधून ठरावीक बातमी येते: यंदा हिलसा मुबलक, किंवा यंदा हिलसा रुसली. कारणही ठरलेले असते, पाऊस. या अर्धसत्याने गेली पन्नास वर्षे धोरणकर्त्यांची मोठी सोय केली आहे.

पावसाचा वाटा नाकारता येत नाही. हिलसा समुद्रात वाढते आणि अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात शिरते. नदी फुगली, पाणी गढूळ झाले, मुखाशी खारेपणा घटला की गाभोळीने भरलेल्या माशांचे थवे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. प्रवाहाचा जोर कमी पडला किंवा गाळाने पात्र उथळ झाले, तर ते मुखाबाहेरच रेंगाळतात. म्हणून एका हंगामाची मासळी दुसऱ्या हंगामाशी जुळत नाही.

परंतु वर्षावर्षाचा चढउतार वेगळा आणि कायमची उतरण वेगळी. १९७५पूर्वीही पावसाळे लहरीच होते. तरी हिलसा गंगेतून अलाहाबादपर्यंत आणि त्याहीवर जात असे. त्या वर्षी कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा म्हणून फराक्क्याचा सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा कार्यान्वित झाला आणि बिहार व उत्तर प्रदेशातील हिलसाची मासेमारी जवळजवळ संपली. हा दोष मोसमी वाऱ्यांवर कसा टाकणार? सिंधू नदीवर १९५५मध्ये कोटरीचा बंधारा झाल्यावर तेथील ‘पल्ल्या’ची, म्हणजे याच माशाची, वरची वाट अशीच बंद झाली होती. धडा वीस वर्षे आधीच समोर होता.

बारीक आसाच्या जाळ्यांनी पिलांचा संहार होतो, हा आक्षेपही खरा आहे. त्यासाठी पश्चिम बंगालमध्ये २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा पकडण्यास बंदी आहे आणि ती पाळली गेलीच पाहिजे. मात्र नियमांचा सारा भार होडीतल्या मच्छीमारावर आणि बंधाऱ्याला संपूर्ण मुभा, हा न्याय नव्हे.

बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने फराक्क्याच्या वर हिलसा सोडण्याचा उपक्रम हाती घेतला, हे स्तुत्यच. पण माणसाने उचलून वर नेलेला मासा म्हणजे मोकळी झालेली नदी नव्हे. स्थलांतराच्या काळात बंधाऱ्याची दारे माशांचा विचार करून चालवावीत आणि मासळीच्या आकड्यांबरोबर त्या हंगामातील प्रवाहाचे आकडेही दरवर्षी जाहीर करावेत. मग पावसाचा दोष किती आणि दारांचा किती, हे देशाला स्वच्छ दिसेल.