कुंपणावरचे ‘शेंगदाणे’

पावसाळा सरला की माझ्या दवाखान्यात एक प्रसंग हमखास घडतो. यंदाही घडला. शाळेतली पाच मुले एकदम आणली. सगळ्यांना उलट्या, पोटात कळा, घशात आग. एकाच्या मुठीत काळ्या बिया होत्या. “शेंगदाण्यावानी गोड लागत्यात,” तो म्हणाला. बी मोगली एरंडाचे, आणि झाड शाळेच्याच कुंपणाचे! सोबत आलेल्या आजीबाई मलाच समजावू लागल्या, “एरंडाचंच बी ते डॉक्टर, पोट साफ होईल!”

गफलत होते ती इथेच. औषधी एरंडेल निघते ते साध्या एरंडापासून, आणि त्याचेही बी चावून खाणे विषारीच. मोगली एरंड ऊर्फ चंद्रज्योत हे मध्य अमेरिकेकडून आलेले वेगळे झुडूप. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून आपण ते बांधावर लावले. त्याचे गुण मी नाकारत नाही. त्याचा चीक जखमेवर लावून रक्त थांबवतात, काडीने दात घासतात. बियांच्या तेलावर दिवे जळले, साबण झाला. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने त्यापासून डिझेल करण्याची शिफारसही केली होती. पण जे इंजिनाला चालते ते लेकराच्या पोटाला कसे चालावे?

बियांत कुर्सिन नावाचे विषारी प्रथिन व फॉरबॉल एस्टर ही द्रव्ये असतात. भाजल्यानेही ही दुसरी द्रव्ये जात नाहीत. दोन-चार बियाही त्रासाला पुरतात. यावर उतारा नाही. सलाईन देऊन शरीरातले पाणी टिकवणे हाच मुख्य उपचार. बहुतेक मुले एक-दोन दिवसांत बरी होतात, पण उशीर झाला तर लहानग्याच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. मूल शुद्धीवर असेल तर जलसंजीवनी घोट-घोट द्या, गुंगीत असेल तर तोंडाने काहीच देऊ नका. १०८ ला फोन करा आणि खाल्लेली बी सोबत आणा.

शेताच्या बांधावर हे झुडूप खुशाल राहो. शाळा आणि अंगणवाडीच्या कुंपणावर मात्र ते नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे मेंदी लावा. गुरुजी, तोवर एक बी फळ्याजवळ नेऊन मुलांना दाखवा आणि सांगा, “हा शेंगदाणा नव्हे!” तेवढ्याने माझ्या काही खाटा रिकाम्या राहतील, आणि त्याचा मला आनंदच वाटेल.