गरुडाचें चित्र आणि गोठ्यांतील औषध

हल्लीं पुष्कळ शेतकरी कुटुंबांत रात्रीं जेवणें उरकल्यावर लहानथोर एकत्र बसून पशुपक्ष्यांचे माहितीपट पाहतात. गरुडाची झेप, घरटें, पिलांस घास भरविणें, हें सारें त्यांत उत्तम दिसतें. ही चाल आम्हांस पसंत आहे. (अमेरिकेंतील पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या तोंडीं पडद्यावर पुष्कळदां दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची किंकाळी घालतात, तें सोडून देऊं.) परंतु गरुडाचा आपल्या गोठ्याशीं संबंध काय, हें घरच्या कर्त्या माणसानेंच सांगितलें पाहिजे.

मध्य आशियांतून हिवाळ्यांत आपल्या देशांत येणारा स्टेप गरुड मेलेलीं जनावरेंही खातो. राजस्थानांत बिकानेरजवळ मेलेल्या अशा गरुडांच्या शरीरांत डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध सांपडल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. गिधाडांच्या संहारामुळें जनावरांसाठीं त्यावर २००६ सालींच बंदी आली होती. तरी माणसांकरितां विकली जाणारी मोठी कुपी गोठ्यांत शिरतच राहिली, म्हणून २०१५ सालीं तीही बंद करावी लागली. हा दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे; मागणारे आपणच होतों. गिधाडांस निर्धोक ठरलेलें मेलॉक्सिकॅम मिळत असतां पशुवैद्याकडे तेंच मागावें, आणि मागावयास जातांना मुलांस बरोबर न्यावें.