‘बघू या’ म्हणजे नक्की कोणी?

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्राची बैठक अडीच तास चालली. मोर्चाच्या घोषणा, पत्रकाचा मजकूर, सतरंज्या कुठून आणायच्या, सगळ्यांवर सगळ्याजणी बोललो. बाहेर बाकावर एक बाई तान्ह्या लेकीला घेऊन बसली होती. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, माहेरच्या आश्रयाला असलेली. आमचे बोलणे संपले तेव्हा तिची शेवटची एसटी निघून गेली होती. रात्री ती माझ्याकडे राहिली. जेवताना हळूच म्हणाली, “ताई, माझ्या अर्जाचं काय झालं?”

अर्ज कपाटातच होता. आदल्या बैठकीत ‘बघू या, करून टाकू’ असे ठरले होते. प्रत्येकीला वाटले, दुसरी करील. मलाही तसेच वाटले.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात (२००५) म्हटले आहे की, अर्ज मिळाल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. ही मुदत पाळली जात नाही म्हणून आपण निवेदने देतो. पण अर्ज आपल्याच कपाटात आठवडाभर पडून राहिला, तर कोणत्या तोंडाने जाब विचारायचा?

आपल्याला उतरंड नको, हे खरेच. पण काम कोणाचे हे न ठरवल्याने समानता येत नाही. ते काम त्याच दोघी-तिघींच्या अंगावर पडते, आणि घरचा स्वयंपाक उरकून धावत येणारी कार्यकर्ती सगळ्यात आधी गळते.

आता आमची बैठक बायकांच्या अर्जांनी सुरू होते. जिवाला धोका, डोक्यावर छप्पर नाही, कोर्टाची तारीख जवळ आली, हे विषय आधी, सतरंज्या शेवटी. कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचे हे वहीत लिहून मोठ्याने वाचतो. जमणार नसेल तर वेळेत सांगायचे. त्यात कमीपणा नाही. आणि त्या बाईलाही पुढची पायरी, लागणारी कागदपत्रे, यायचा दिवस स्पष्ट सांगतो. तिचा एक फुकट हेलपाटा म्हणजे एक बुडालेली मजुरी.

वेळेचा हिशेब ही कंपन्यांची भाषा आहे, असे काहीजणींना वाटेल. पण आपण उधळतो तो वेळ आपल्या एकटीचा नसतो. तो बाकावर बसलेल्या बाईचा असतो.

तुमच्या केंद्रात हे कसे करता, जरूर कळवा.