गुडघे म्हणजे टायर नव्हेत!

मागच्या शनिवारी आतकरवाडीकडून सिंहगड केला. उतरताना अर्ध्या वाटेत आपल्यासारखाच एक आयटीवाला दगडावर बसलेला. गुडघ्याला नी-कॅप, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. "झीज झालीय बहुतेक," म्हणाला. वय वर्षं २९!

हा 'झीज' शब्द ऐकला की माझं डोकं सणकतं. का, ते पुढे येईलच.

मंडळी, साधा हिशोब करा. सोमवार ते शुक्रवार आपण खुर्चीत. हालचाल काय, तर डेस्क ते कॅन्टीन, तेही लिफ्टने. आणि शनिवारी एकदम राजगड, नाहीतर टर्फवर दोन तास क्रिकेट. टेस्टिंग न करता कोड थेट लाइव्ह टाकला आणि तो पडला, तर आपण सर्व्हर झिजला म्हणतो का?

गड उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात. ते कच्चे किंवा दमलेले असले की गुडघ्याच्या वाटीला जास्त सोसावं लागतं. मग वाटीभोवती दुखतं, विशेषतः जिना उतरताना आणि थिएटरात पाय दुमडून बसल्यावर. बाहेरच्या बाजूला टोचत असेल तर बऱ्याचदा तो आयटी बँड, म्हणजे कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा पट्टा. (नावात आयटी असलं तरी आपल्या इंडस्ट्रीशी संबंध नाही :-)) या दुखण्यांसाठी काही झिजावंच लागतं असं नाही. झेपेल त्यापेक्षा जास्त, तेही अचानक केलं, एवढं पुरतं.

"पण एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसली!" दिसू दे. २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पाहणी आली होती. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातले ५० ते ९० वयाचे लोक. ज्यांची गादी फाटलेली निघाली, त्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. त्याच जर्नलमध्ये २००२ साली ह्यूस्टनचा प्रयोग छापून आला. संधिवाताचे १८० रुग्ण. काहींची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली, काहींना नुसते कातडीवर छेद देऊन शिवून टाकलं. दोन वर्षांनी बघितलं तर दोघांना आराम सारखाच!

सगळंच मनावर घेऊ नका असं मात्र मी म्हणत नाहीये. खेळताना गर्रकन वळलात, आत 'टक्' झालं आणि काही तासांत गुडघा फुगला, तर लिगामेंट गेलं असू शकतं. गुडघा अडकला, पाय टेकवेना, किंवा गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, तर गुगल बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता माझ्या रागाचं कारण. माझी आई. ५४ व्या वर्षी एका डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून निकाल दिला, "झिजलेत. जिने बंद." आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईची भाजी सुटली, भजनी मंडळ सुटलं. "तू बस गं, मी आणतो" म्हणत आम्हीही हातभार लावला. वजन आठ किलो वाढलं. वजनदार माणसात एक किलोचा फरक म्हणजे प्रत्येक पावलाला गुडघ्यावर साधारण चार किलोचा फरक! मांड्या बारीक झाल्या, दुखणं वाढलं. चार वर्षं गेली अशी.

मग एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं तिला हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला लावलं. आधी पाच वेळा, मग दहा वेळा. दुखणं संपूर्ण गेलं का? नाही. पण या दिवाळीला झेंडूची फुलं ती स्वतः खाली जाऊन घेऊन आली.

गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि ते वंगण हालचालीने तिच्यात खेळतं. टायर पळवला की झिजतो. गुडघा बसवून ठेवला की उपाशी राहतो. माझ्या आईला हे कुणी चार वर्षं आधी का नाही सांगितलं?

असो. सोमवारी हापिसात जिन्याने जा. हळूहळू वाढवा. आणि घरी कुणाला 'झीज' म्हणून खुर्चीत बसवून ठेवलं असेल, तर आज संध्याकाळी त्यांना घेऊन कोपऱ्यापर्यंत तरी चालून या.